नकोच्या सुरातलं हवं

आमच्या खोलीच्या दारावर ‘वाचा-उपचार’ अशी पाटी होती, पण रुग्णालयात कुणालाही विचारलं तर तो गाण्याच्या खोलीचा रस्ता सांगे. पक्षाघाताच्या झटक्यात ज्यांचं बोलणं गेलंय असे रुग्ण तिथे येत. त्यांना बहुतेक वेळा समोरच्याचं कळतं, आपल्याला काय म्हणायचंय तेही ठाऊक असतं, पण शब्द बाहेर येत नाही, आणि आला तर भलताच येतो. सूर मात्र पुष्कळदा शाबूत असतो. शब्दांचा कारभार बहुतेकांच्या मेंदूत डावीकडे चालतो आणि सुरांचा बराचसा उजवीकडे. म्हणून शब्दाला सुराच्या खांद्यावर बसवून आणायचं, ही मॅडमांची पद्धत. दोन स्वर घ्यायचे, एक खालचा, एक वरचा. रुग्णाचा डावा हात धरून टेबलावर प्रत्येक अक्षराला एक थाप द्यायची आणि शब्द म्हणायचा नाही, गायचा.

मॅडम विभागाच्या प्रमुख. चौदा रुग्ण आणि एक बाजाची पेटी, जिची एक पट्टी दाबली की वर येत नसे. माझं काम गाण्याचं नव्हतं, ते रुग्णांचं नशीब. जीवभौतिकशास्त्राची पदवी घेऊन मी तिथे तांत्रिक सहाय्यक म्हणून लागले होते. आवाज मुद्रित करायचे, फायलींना नावं द्यायची, तक्ते भरायचे. चहाच्या कपाचं तापमान मी एकदा खरोखरच मोजलं होतं, तेव्हापासून मॅडम मला मोजपट्टी म्हणत.

काका आमच्याकडे आले तेव्हा झटक्याला पाच आठवडे झाले होते. उजवा हात लुळा, उजवा पाय ओढत, बोलणं शून्य. अडतीस वर्षं त्यांनी एका भागीदाराबरोबर सायकल दुरुस्तीचं दुकान चालवलं होतं. पहिल्याच दिवशी मॅडम त्यांची माहिती लिहून घेत होत्या, तेव्हा काका चाकाच्या खुर्चीत बसून डाव्या हाताच्या नखाने खुर्चीच्या चाकातल्या तारा एकेक करून छेडत होते. टण, टण, टण, टुण. ‘टुण’पाशी ते थांबले, परत छेडली, आणि माझ्याकडे असं पाहिलं की जणू मीच ती सैल केली होती. त्यांच्याबरोबर आलेले भागीदार म्हणाले की चाक वाकडं फिरायला लागलं की त्याला आउट येणं म्हणतात, आणि तारा कानाने ऐकून आउट काढणारा हा गावातला एकच. बाकीचे डोळ्यांनी काढतात. त्या दिवसापासून विभागात ते आउटवाले काका झाले. मावशींनी, म्हणजे आमच्या वॉर्डातल्या मदतनीस बाईंनी, ती तार आवळून आणल्यावरच त्यांनी पुढच्या धड्याला तोंड उघडलं.

मॅडमांनी सुरुवातीला दोनच शब्द निवडले, हवं आणि नको; होकार-नकाराला काकांची मानही उलटसुलट हलत असे. माणसाला तेवढे दोन आले तर दिवस निभतो, असं त्यांचं म्हणणं. हवं खालून वर गायचं, नको वरून खाली. आपण एरवी बोलतानाही साधारण तसंच बोलतो. हवा, हवी, हवं अशी तीन रूपं शिकवत बसलो तर वर्ष जाईल, म्हणून सगळ्याला एकच रूप. त्यामुळे आमच्या खोलीत चहा, खुर्ची, चष्मा सगळंच नपुंसकलिंगी होतं. भागीदारांना याची भारी मजा वाटे. ते आले की विचारत, “काय गड्या, बिडी हवं?”

तिसऱ्या आठवड्यात काकांच्या तोंडून दोन्ही शब्द स्पष्ट यायला लागले. मग मी रोजचा तक्ता सुरू केला. दिवसाला सहा प्रश्न, आणि प्रश्न असे की ज्यांचं उत्तर आम्हाला आधीच माहीत आहे. वर्तमानपत्र हातात दिलंय आणि चष्मा काढून घेतलाय, चष्मा हवं? घाम आलाय, आणखी एक पांघरूण हवं? मावशी विचारत, काका शब्द गात, शब्दाचा परिणाम त्यांना कळावा म्हणून मावशी शब्दाप्रमाणेच वागत, मी शब्द लिहून घेई आणि पुढे बरोबर किंवा चूक अशी खूण करी. चार आठवडे, आठवड्याचे पाच दिवस, एकूण एकशेवीस उत्तरं. त्यातली बरोबर सदुसष्ट. नाणं उडवून उत्तरं दिली असती तरी साठ आली असती.

मॅडम खट्टू झाल्या. पालथ्या घड्यावर पाणी, असं त्या एकदा माझ्यापाशी म्हणाल्या आणि लगेच रुग्णाबद्दल असं बोलू नये म्हणून स्वतःलाच रागावल्या. अहवालात त्यांनी लिहिलं की शब्दोच्चार परतला, पण होकार-नकाराचा भेद परतलेला नाही.

रुग्णालयातून घरी सोडायचा आठवडा आला. सोमवारी काकांची लेक आली. ती आठ तासांवरच्या शहरात एका वास्तुरचनाकाराकडे नकाशे काढण्याचं काम करत होती. आई गेल्यापासून काका एकटेच दुकानाच्या वरच्या दोन खोल्यांत राहत. तिथे जायला चौदा पायऱ्यांचा उभा जिना, कठडा एकाच बाजूला, आणि तोही चढताना उजव्या हाताला. लेकीने जिन्याचा नकाशा बरोबर आणला होता. नवव्या पायरीवर ती बोट ठेवून म्हणाली की इथून पडले तर विचारायलाच नको. तिने स्वतःच्या घरी तळमजल्यावरची खोली रिकामी केली होती आणि न्हाणीघराचं दार नव्वद सेंटिमीटर रुंद करून घेतलं होतं, खुर्ची आत जावी म्हणून. सामान न्यायची गाडी शनिवारची ठरली होती. पण तिला काकांच्या तोंडून ऐकायचं होतं. त्यांना उचलून नेल्यासारखं व्हायला नको, असं ती दोनदा म्हणाली.

तिने आमच्याच खोलीत, भागीदारांसमोर विचारलं. माझं ध्वनिमुद्रणयंत्र चालू होतं, कारण धडा अर्ध्यावर होता.

“बाबा, दुकान बंद करून माझ्याकडे राहायला यायचं. हवं ना?”

काकांनी डाव्या हाताने टेबलावर दोन थापा दिल्या आणि म्हणाले, “हवं.” मग पुन्हा, “हवं.”

लेकीने चष्मा काढून पुसला. भागीदारांनी खिशातून दुकानाच्या किल्ल्यांचा जुडगा काढला, हातात खुळखुळवला आणि परत खिशात टाकला. त्या दिवशी त्यांनी कसलीच चेष्टा केली नाही.

मंगळवारी मॅडमांनी मला काकांची सगळी ध्वनिमुद्रणं एका जागी लावायला सांगितली. अशा रुग्णांवर त्यांना एक टिपण लिहायचं होतं आणि त्यात सुराच्या चढउताराचे आलेख हवे होते. काम कंटाळवाणं होतं. फाईल उघडायची, शब्द कापून घ्यायचा, संगणकाकडून रेघ काढून घ्यायची, रेघेला शब्दाचं नाव द्यायचं. सगळे हवं एका कागदावर, सगळे नको दुसऱ्या कागदावर. हवंच्या कागदावर खालून वर जाणाऱ्या रेघांचा गुच्छ दिसायला हवा होता. दिसले दोन गुच्छ. साधारण निम्म्या रेघा वर जात होत्या आणि निम्म्या खाली येत होत्या, मधलं काहीच नव्हतं. नकोच्या कागदावरही तेच.

मला आधी माझीच चूक वाटली. फायलींची नावं उलटसुलट झाली असतील, म्हणून मी परत ऐकलं. शब्द हवंच होता, अगदी स्वच्छ. आणि गंमत अशी की ऐकताना मला तो खाली येणारा वाटतच नव्हता. हवं असा शब्द एकदा कानात शिरला की कान पुढचं काही ऐकत नाही, सूर त्या शब्दाबरोबर गिळला जातो. म्हणून मी आवाजातले वरचे कंप गाळून टाकले. तसं केलं की अक्षरं पुसली जातात आणि नुसता गुंजारव उरतो, भिंतीपलीकडे कुणी बोलत असल्यासारखा. आता ऐकू आलं. वरून खाली, वरून खाली.

मग मी एक साधी गोष्ट केली, जी चार आठवड्यांपूर्वी करायला हवी होती. तक्ता समोर घेतला, शब्दाच्या रकान्यावर पट्टी ठेवून तो झाकला आणि फक्त रेघेची दिशा पाहून बरोबर-चूक मांडलं. वर म्हणजे हवं, खाली म्हणजे नको. एकशेवीसपैकी एकशेतेरा बरोबर.

मी तीनदा मोजलं. मग खिडकीशी जाऊन उभी राहिले आणि काकांनी चार आठवडे काय काय सहन केलं असेल त्याची यादी माझ्या डोक्यात आपोआप तयार व्हायला लागली. घाम आलेला असताना त्यांनी नको गायलं, तोंडून हवं आलं आणि मावशींनी दुसरं पांघरूण घातलं. दुपारच्या चहाचं मावशी तक्त्याबाहेर विचारत; तो त्यांना नको असायचा, असं त्यांचा सूर रोज सांगत होता. तो चहा ते रोज प्यायले. शिवाय प्रत्येक वेळी आम्ही मान हलवून म्हणालो, चूक, काका, परत म्हणा.

आणि सोमवारची फाईल होती. ती मी शेवटी उघडली. हवं, हवं. दोन्ही रेघा वरून खाली.

मॅडमांना सांगायला मी बुधवारी सकाळी लवकर गेले. त्यांनी आलेख पाहिले, मग मला गाळलेला आवाज लावायला सांगितला. डोळे मिटून वीसेक ऐकले. मला वाटलं होतं त्या शंका काढतील, आणि शंका काढायला जागा होतीच. पण त्या म्हणाल्या, “सूर शिकवायचा आणि शब्द मोजायचे. कानाला खडा.” मग आलेख गोळा करत म्हणाल्या की तक्ता मी आखला असला तरी त्यावर सही त्यांची होती, तेव्हा चूक माझ्या एकटीच्या नावावर टाकायची नाही.

शनिवारच्या गाडीबद्दल मात्र त्या कचरल्या. घरच्यांच्या निर्णयात पडणं आमचं काम नव्हे, हे त्यांनीच मला पहिल्या आठवड्यात बजावलं होतं. मी म्हटलं की प्रश्न आपल्या खोलीत विचारला गेला आणि उत्तर आपण शिकवलेल्या शब्दात दिलं गेलं. मॅडम पेटीची ती अडकलेली पट्टी नखाने वर काढत बसल्या होत्या. म्हणाल्या, “लेकीला बोलाव. पण आधीच काही सांगू नकोस. नाहीतर तिला जे ऐकायचं तेच ऐकू येईल. तुलाही.”

माझ्याबद्दल त्यांचं म्हणणं खरं होतं. उत्तर काय येणार ते मी मनात ठरवूनच टाकलं होतं. अडतीस वर्षांचं दुकान, तारा छेडणारा माणूस. दुकान सोडून जायला त्यांचा नकार आहे, दुसरं काय असणार? माझ्या डोक्यात कथाच तयार होती. त्यामुळे परीक्षा अशी आखायला हवी होती की माझ्या कथेला तिच्यात हात घालता येऊ नये.

पहिली अडचण प्रश्नाची होती. सोमवारच्या प्रश्नात दोन प्रश्न होते, दुकान बंद करणं आणि लेकीकडे राहणं. नकार नेमका कशाला, ते त्यातून कळणं शक्य नव्हतं. म्हणून मी चार चिठ्ठ्या केल्या. लेकीकडे राहणं. घरीच राहणं. दुकान बंद करणं. दुकान चालू ठेवणं. उलटसुलट प्रश्न मुद्दाम घेतले. काका खरंच उत्तर देत असतील तर एका जोडीतली दोन उत्तरं एकमेकांच्या विरुद्ध यायला हवीत. प्रत्येक चिठ्ठी दोनदा, म्हणजे आठ, सगळ्या पिसून. आणि अधूनमधून तक्त्यातले जुने प्रश्न, चष्मा वगैरे, कान ठिकाणावर आहेत ना ते पाहायला.

दुसरी अडचण ऐकणाऱ्याची. त्यावर मॅडमांनी तोड काढली. आमच्या खोलीतून साहित्याच्या कोठीत जायला जाड लाकडी दार होतं. ते लावलं की पलीकडे शब्द पोचत नसे, सूर पोचत असे. मी आदल्या दिवशी मावशींना या बाजूला बोलायला लावून खात्री केली होती. (मावशींनी संधी साधून अर्धा तास सुपरवायझरची तक्रार केली. पलीकडे मला एक शब्द कळला नाही, पण राग पूर्ण कळला.) मॅडम दारापलीकडे बसणार, कुठली चिठ्ठी चालू आहे ते त्यांना कळणार नाही, त्यांनी प्रत्येक उत्तराला कागदावर फक्त बाण काढायचा, वर किंवा खाली. शब्द मी लिहिणार.

शुक्रवारी दुपारी लेक आली. भागीदारही आले, किल्ल्या तिच्या हवाली करायला. मी त्यांना एवढंच सांगितलं की काकांची शेवटची चाचणी आहे, चिठ्ठ्या लेकीने वाचायच्या, आवाज सपाट ठेवून, तोंडावर काही न दाखवता. पहिली चिठ्ठी वाचल्यावर तिने वळून माझ्याकडे पाहिलं. चाचणी कसली आहे ते तिच्या लक्षात आलं होतं. पण तिने पुढची चिठ्ठी उचलली. भागीदार कोपऱ्यातल्या स्टुलावर दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून बसले होते, छायाचित्र काढून घ्यायला बसल्यासारखे.

काकांनी प्रत्येक उत्तराआधी दोन थापा दिल्या. घाई केली नाही. मी शब्द लिहीत गेले. लेकीकडे राहणं, हवं. घरीच राहणं, हवं. दुकान बंद करणं, नको. चष्मा, नको. लेकीकडे राहणं, नको. शब्दांवर गेलं तर माणूस दर मिनिटाला मत बदलत होता. सूर ऐकायचा नाही असं मी ठरवलं होतं आणि बऱ्यापैकी जमवलंही. भागीदारांनी मध्येच ‘च्च’ असा आवाज केला. लेकीचा आवाज शेवटच्या चिठ्ठीपर्यंत सपाट राहिला, पण चिठ्ठी धरलेला अंगठा पांढरा पडला होता.

मॅडम बाहेर आल्या आणि आपला कागद टेबलावर ठेवला. मी चिठ्ठ्या त्याच क्रमाने बाणांशेजारी लावल्या. मग पहिल्यांदाच त्या दोघांना सगळं समजावून सांगितलं, तक्ता, दोन गुच्छ, एकशेतेरा. सांगताना माझी नजर चहाच्या कपावर होती, काकांकडे नव्हती.

लेकीने बाण स्वतः वाचले. लेकीकडे राहणं, खाली, खाली. घरीच राहणं, वर, वर. इथवर मला अपेक्षित होतं. दुकान चालू ठेवणं, खाली, खाली. दुकान बंद करणं, वर, वर.

म्हणजे माझी कथा अर्धी खोटी निघाली. त्यांना घर सोडायचं नव्हतं, आणि दुकान बंदच करायचं होतं.

“बंद?” भागीदार स्टुलावरून उठले. “अरे, मी तुझ्यासाठी ओढत होतो ते. माझे गुडघे सहा वर्षांपूर्वीच संपलेत.”

काकांनी त्यांच्याकडे पाहून डावी भुवई वर केली. भागीदारांचे गुडघे त्यांना ठाऊक होते असं दिसलं.

लेक मात्र बाणांवरच थांबली होती. ती म्हणाली की ठीक आहे, माझ्याकडे नको, कळलं. पण मग जिन्याचं काय? चौदा पायऱ्या तर आहेतच. ती रागावली नव्हती, पण तिच्या बोलण्यात नकाशावर रेघ मारतानाचा कोरडेपणा आला होता. नव्वद सेंटिमीटरचं दार तिच्या मनातून जात नव्हतं, हे मला कळत होतं. मॅडम काही बोलणार इतक्यात काकांनी डावा हात पुढे केला.

त्यांनी ‘घरीच राहणं’ ही चिठ्ठी बोटाने सरकवत टेबलाच्या कडेपाशी आणली. मग ‘दुकान बंद करणं’ ही चिठ्ठी शोधली. माझी ओळ विस्कटली याची मला क्षणभर चुटपुट लागली. दुसरी चिठ्ठी पहिलीवर आणून त्यांनी नीट ठेवली, कडा जुळेपर्यंत. आणि वर तळहात.

सगळ्यात आधी लेकीला कळलं. तिने पिशवीतून जिन्याचा नकाशा काढला. जिन्याच्या शेजारी, कागदाच्या उरलेल्या भागात, तळमजल्यावर दुकान नुसत्या तुटक रेघेने दाखवलेलं होतं. मोजायची गरज नाही म्हणून तिने ते मोजलंच नव्हतं.

“दुकानातच राहायचं,” ती म्हणाली. “खालीच. दुकान गेलं की खोली होते.”

काकांनी तळहात उचलून खुर्चीच्या हातावर ठेवला आणि मागे टेकले. दोन महिन्यांत मी त्यांना पहिल्यांदाच टेकून बसलेलं पाहत होते.

भागीदार म्हणाले की यात नवीन काय, अडतीस वर्षं दुपारचा झोपत होताच दुकानात, आता रात्रीचाही झोपेल. ते स्वतः रस्त्यापलीकडेच राहत होते. मग लेकीने एकामागून एक प्रश्न काढले. स्वयंपाक कोण करणार, सकाळी कोण बघणार, रात्री काही झालं तर? प्रत्येकाला उत्तर होतंच असं नाही. मॅडमांनी घरी येणाऱ्या परिचारिकेचा क्रमांक दिला आणि ठरलं ते असं की तीन महिने करून बघायचं. तीन महिन्यांनी निभत नसेल तर लेकीकडे जायचं, आणि तेव्हा पुन्हा चिठ्ठ्या काढायच्या नाहीत.

सगळं ठरल्यावर ती खुर्चीसमोर गुडघ्यांवर बसली.

“बाबा, मी वाईट वाटून घेऊ का?”

काकांनी तिच्या मनगटावर दोन थापा दिल्या. “हवं,” ते म्हणाले.

“हवं म्हणतोय,” भागीदार म्हणाले.

“नाही मामा,” लेक म्हणाली. “नको म्हणाले.”

त्या वेळी मध्ये दार नव्हतं, आलेख नव्हता. मीही ऐकलं होतं.

शनिवारची गाडी आली, पण रिकामी परत गेली नाही. दुकानातली फळकुटं, जुन्या चौकटी आणि भंगार घेऊन गेली. लेकीने आठवडाभर रजा वाढवली आणि दुकानाचं माप घेतलं. भागीदारांनी हवा भरायचा पंप आणि पंक्चरचं सामान स्वतःच्या ओट्यावर नेलं. गुडघ्यांना तेवढं झेपतं म्हणाले.

तीन महिन्यांनी मी पाहणीसाठी त्यांच्या घरी गेले. तक्ता आता नवा होता, शब्दाचा एक रकाना आणि सुराचा एक. शटरच्या जागी भिंत आणि दार आलं होतं, दार नव्वद सेंटिमीटरचं. ते मी विचारलं नाही, मोजलं. आतल्या भिंतीला तेलाचा वास अजून होता. पलंगापासून हाताच्या अंतरावर आउट काढायचा लोखंडी घोडा पक्का केलेला होता आणि त्यावर एक चाक चढवलेलं होतं. ओट्यावरून येणारी अवघड चाकं भागीदार इथे आणत, काका डाव्या हाताने छेडून सैल तार दाखवत आणि भागीदार ती आवळत. दुकान बंद आहे, असं दोघंही मला ठासून सांगत होते. एकाने शब्दांत, दुसऱ्याने सुरात.

मी एकशेवीस प्रश्नांचा तक्ता चार दिवसांत पुरा केला. शब्दांनी बरोबर एक्क्याण्णव. सुधारणा चांगली होती, मॅडमांना टिपणात घालण्याजोगी. सुरांनी एकशेअठरा.

शेवटच्या दिवशी मी यंत्र आवरत होते तेव्हा लेकीचा फोन आला. रोज संध्याकाळी सातला येई, म्हणून भागीदार फोन टेबलावर उघडा ठेवून त्याचा आवाज मोठा करत. तिने परिचारिकेचं विचारलं, पायाचा व्यायाम झाला का विचारलं. उत्तरं हवं आणि नको यांतच येत होती, आणि लेक कुठेही अडत नव्हती. फोनवर तोंड दिसत नाही त्यामुळे सोपं जातं, असं तिने मला मागे सांगितलं होतं. मग ती म्हणाली की तीन महिने झाले, निभतंय, तेव्हा राहायला या असं आता मी म्हणत नाही. पण दोन आठवडे पाहुणे म्हणून यायचं का?

काकांनी टेबलावर दोन थापा दिल्या. “नको,” ते म्हणाले.

“बरं,” तिकडून लेक म्हणाली, “रविवारचं तिकीट काढते.”

मी तक्ता पुन्हा उघडला आणि शेवटी एक ओळ वाढवली. शब्दाच्या रकान्यात चूक, सुराच्या रकान्यात बरोबर. भागीदार माळ्यावरची बॅग काढायला उठले होते, आणि गुडघ्यांच्या नावाने काकांना शिव्या घालत चौदा पायऱ्या चढत होते.